पाऊस ओळखणारी दांडी

बाजारात नवी वस्तू आली आणि दत्तप्रसाद आठल्यांनी ती घेतली नाही, असं कोथरूडमध्ये आजवर झालेलं नाही. अंडी उकडली की गाणं म्हणणारं भांडं, पोहे ढवळणारा विजेचा चमचा, पावलं मोजणाऱ्या चपला (त्या रिक्षातही मोजत) असं सगळं सोसायटीत सर्वांत आधी त्यांच्याकडे आलं आणि माळ्यावर गेलंही सर्वांत आधी. त्यामुळे ऋतिका नावाची मुलगी तिच्या कंपनीची नवी दांडी घेऊन आली, ती थेट त्यांच्याच दारात.

ही कपडे वाळत घालायची दांडी. हवेत ओल जाणवली की पाऊस आला असं समजून ती गॅलरीतून आपोआप हॉलमध्ये सरकायची आणि हवा कोरडी झाली की पुन्हा बाहेर जायची. ऋतिकाने समजावलं की नवी वस्तू आधी तुमच्यासारखे जाणकार घेतात, मग त्यांचं बघून बाकीचे. तेव्हा शेजाऱ्यांना बोलवा. दहा घरांनी नाव नोंदवलं तर माहितीपत्रकावर 'आमचे पहिले ग्राहक' म्हणून तुमचा फोटो. झालं! दत्तप्रसादांनी त्याच दिवशी विश्रांतवाडीला सासऱ्यांना फोन करून फोटो छापून येणार असल्याचं सांगून टाकलं. सासऱ्यांच्या तोंडून जावयाचं कौतुक अजून एकदाही निघालं नव्हतं, त्यामुळे आता माघार नव्हती.

एप्रिलातल्या रविवारी अकरा शेजारी हॉलमध्ये दाटीवाटीने बसले. दांडीवर इस्त्रीचे शर्ट टांगायचं ठरलं होतं, पण दत्तप्रसादांच्या बायकोने, भाग्यश्रीने, रोजचं धुणंच वाळत घातलं. वाळलेले कपडे पुन्हा कशाला वाळवायचे, असं तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं कठीण होतं.

लोक बोलावले म्हणजे चहा आलाच (पुण्याबद्दल जग काहीही म्हणो). तेरा कप वाफाळता चहा गॅलरीच्या दाराशी टीपॉयवर आला आणि दांडीला वाटलं, पाऊस आला. धुणं ठिबकवत ती ऐटीत आत सरकली आणि टीपॉयच्या वर, सेक्रेटरी बद्रीनाथरावांच्या डोक्याशी थांबली. दत्तप्रसादांचे दोन बनियन, भोकांसकट, सगळ्यांनी नीट पाहिले.

दत्तप्रसादांनी मोबाइलवर 'बाहेर' दाबलं. मोबाइल शांतपणे म्हणाला, "पाऊस चालू आहे. आपले कपडे सुरक्षित आहेत." बाहेर चाळीस डिग्री ऊन होतं. त्यांनी वर्तमानपत्राने वाफ हाकलून पाहिली, ती आणखी पसरली. एक बनियन बद्रीनाथरावांच्या कपात ठिबकू लागला.

"पाणी पुरे," बद्रीनाथराव म्हणाले. "चहा मुळात पातळच आहे."

चहा संपला तेव्हा कुठे दांडी बाहेर गेली. नोंदणीचा कागद अकरा हातांतून फिरून कोराच परत आला. दत्तप्रसादांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. ऋतिकाने वही उघडून विचारलं, दांडीत नेमकं काय खटकलं?

"दांडीत काही नाही हो," बद्रीनाथराव म्हणाले. "आठले जे घेतात ते आम्ही घेत नाही. नियम आहे सोसायटीचा. पाटी लावलेली नाही, इतकंच."

बाकीच्या दहाजणांनी माना डोलावल्या. ऋतिकाने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि दांडी काढून घेऊन गेली. पुढचा महिनाभर दत्तप्रसादांनी विश्रांतवाडीचे फोन घेतले नाहीत.

मग कंपनीकडून भलंमोठं पार्सल आलं. आपली कदर झाली म्हणून दत्तप्रसादांनी ते घाईने फोडलं. आत दांडीच होती, पण दुसऱ्याच कंपनीची, ऋतिकाच्या कंपनीच्या स्पर्धकाची, बाजारात कालच आलेली. सोबत ऋतिकाची चिठ्ठी होती: 'सर, आमच्याकडून सप्रेम भेट. कृपया गॅलरीत सगळ्या सोसायटीला दिसेल अशी लावावी.'

भाग्यश्रीने चिठ्ठी दोनदा वाचली.

"हुशार आहे हो कंपनी," ती म्हणाली. "तुमचा उपयोग त्यांना महिन्याभरात सापडला. मी बावीस वर्षं शोधतेय."