शांतवन काकांच्या कादंबरीत सगळे परत येतात

एका रविवारी शांतवन काकांनी चर्चमध्ये उभं राहून विनंती केली, "सुलोचनाबाईसाठी प्रार्थना करा. टायफाईड झाला तिले, अन् नवरा घरी नाही." साऱ्या मंडळीनं डोळे मिटून प्रार्थना केली. बातमी आमच्या गल्लीत पोचली. आमचं घर बौद्धांचं, चर्चशी संबंध शेजारापुरताच. पण कोणी आजारी आहे म्हटलं की आमची आई जात-धर्म विचारत नाही, डबा भरते. मुगाची खिचडी घेऊन ती दवाखान्यातला बायकांचा अख्खा वॉर्ड फिरली. सुलोचना सापडली नाही.

"कोणत्या खाटेवर आहे हो ती, भाऊ?" आईनं परत येऊन विचारलं.

"खाटेवर नाही, बाई. नवव्या प्रकरणात आहे."

सुलोचना ही काकांच्या नव्या कादंबरीची नायिका होती. आई भडकली. "जी बाई जगातच नाही, तिच्यापायी मले काहून पळवलं?" काका शांतपणे म्हणाले, "प्रार्थना वाया नाही गेली. ताप उतरला तिचा." खिचडी मग काकांनीच खाल्ली.

काका मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत स्टोअरला होते. रिटायर झाल्यावर बालाघाटला आमच्या शेजारी राहायला आले. काकू वारल्यापासून एकटेच आहेत, म्हणजे आपल्याला तसं वाटतं. त्यांच्या घरात कादंबरीतली इतकी माणसं वावरत असतात की त्यांना एकटेपणासाठी वेळ नसतो. माझं बसस्टँडजवळ टायपिंगचं दुकान आहे. इकडं सगळा कारभार हिंदीत, म्हणून दिवसभर हिंदीतच अर्ज आणि लग्नपत्रिका. मराठी गिऱ्हाईक म्हणाल तर काका एकटे. समोर बसून ते मजकूर सांगतात, मी टाईप करतो, आणि दुःखाचा प्रसंग आला की ते रुमाल काढतात.

अर्जासाठी थांबलेली कॉलेजची पोरं त्यांना म्हणतात, "दादाजी, हिंदी में लिखो ना, कोई तो पढ़ेगा." काकांचं उत्तर ठरलेलं असतं, "लिहीन बापा, पण रडू मले मराठीतच येते."

त्यांची सगळी पुस्तकं माणसाला देवाजवळ नेणारी. दारुडा नवरा, कडक सासू, गर्विष्ठ इंजिनिअर, कोणीही असो, शेवटी प्रार्थनेला गुडघ्यावर येणारच. मी म्हणायचो, "काका, ही सासू दोन पानं तरी आणखी वाईट राहू द्या. वाचणाऱ्याला मजा येईल."

"नको. बीपी आहे तिले."

आणि शेवटच्या प्रकरणात कोणीतरी परत यायचंच. गेलेला नवरा, रुसलेला मुलगा, बेपत्ता मामा. एकदा तर मी विसाव्या पानावर हरवलेली गायसुद्धा परत आलेली टाईप केली. "या वेळी तरी कोणाला आणू नका," मी म्हटलं, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कोणाला घराबाहेर काढा म्हणतोय.

एका दुपारी मी छापून काढलेली पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. इतक्यात फाटकाशी एक बाई आली. नाव वनिता, लालबर्ऱ्याला ब्लाऊज शिवते म्हणाली. हातात काकांचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. वाचक घरी आलेला काकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी खुर्ची धोतरानं पुसली, पाणी आणलं, सही करायला पेनाचं टोपण काढलं.

"काका, या पुस्तकातली बाई रात्री दाराले कडी लावत नाही. नवरा येईन म्हणून," वनिता म्हणाली. "अन् शेवटी तो येते."

"येते न!" काका खुश झाले.

"वाचलं तवापासून मीही नाही लावत. मांजर येते. एक डाव बकरी आली. तो नाही आला."

मी हसणार होतो, पण तिच्याकडे बघून हातातली पानं नीट लावायला लागलो.

"धीर धर, बाई..."

"धरला न, काका. मी भांडाले नाही आली. मले एकच विचाराचं होतं. तो परत येते, हे तुम्हाले कसं समजलं? कोणी आलेलं तुम्ही पाह्यलं होतं का?"

काकांना बायबलमधली वचनं तोंडपाठ आहेत. त्यांतलं एखादं ते आता काढतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही पाह्यलं. माझा लहाना भाऊ होता. मलाजखंडले माझ्यापाशीच राहे. बजारात जाऊन येतो म्हणाला अन् गेला. माय दाराकडं पाहत पाहतच गेली."

इतकी पुस्तकं मी टाईप केली, पण हा भाऊ मला ठाऊक नव्हता.

"मंग पुस्तकात काहून आणता?"

"घरी आणता येत नाही न, म्हणून."

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंग मी काय करू?"

"घरात आणखी कोण आहे?"

"पोरगी आहे. मोठी झाली आता."

"मंग कडी लाव, बाई. लाव अन् नीट झोप. ज्याले याचं आहे, त्याले दार ठोकता येते. तुह्ये कान काही गेले नाहीत."

मग तिचे खांदे सैल झाले, डोक्यावरचा भारा कोणीतरी उतरवून घ्यावा तसे. चहा पिऊन ती निघाली. फाटकाशी जाऊन वळली. "अन् तुम्ही, काका? तुम्ही लावता का?"

"मी?" काका चष्मा पुसायला लागले. "माह्या घरी चोराले न्यायले काय आहे? पुस्तकं!" आणि मोठ्यानं हसले.

ती हसली नाही. "तुम्हीही लावत जा."

"हौ," काका म्हणाले. "लावीन न."

सकाळी दुकानात जाताना मी त्यांचं दार जरासं ढकलून पाहतो. ते उघडतं. आत काका पाठमोरे बसून कोणाचा तरी संवाद मोठ्यानं म्हणून बघत असतात. मी दार हळूच ओढून घेतो आणि पुढं जातो.