नमुना क्रमांक बारा

प्रशील नावाच्या एका अनोळखी तरुणाचे पत्र येऊन एकेचाळीस दिवस झाले, तरी अभिमन सरांनी त्याला उत्तर पाठवले नव्हते. लिहिले नव्हते असे नाही. अकरा वेळा लिहिले होते. दर वेळी 'आपले पत्र मिळाले, आनंद झाला' इथवर येऊन पेन थांबे. कारण आनंद झालेला नव्हता, आणि खोटे काही लिहायचे नाही असे सरांनी कायमचे ठरवून टाकले होते. तीस वर्षांपूर्वी, एकदा लिहून झाल्यानंतर.

पत्र मोठे नम्र होते. प्रशील मूळचा चाळीसगावचा, आता पुण्यात एका वैद्यकीय संस्थेत संगणकाचे काम करणारा. त्याने एक प्रोग्राम तयार केला होता. कुणीच न वाचलेले जुने शोधनिबंध तो प्रोग्राम वाचायचा आणि मधुमेहाच्या रुग्णांना उपयोगी पडेल असे अन्न त्यांतून हुडकून काढायचा. अशा नऊ हजार निबंधांत त्याला अभिमन सरांचा, भरताच्या वांग्यांवरचा चार पानी निबंध सापडला. सर तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवत.

'आपल्या पहिल्या अकरा नमुन्यांची मापे एकमेकांशी इतकी जुळतात, की प्रोग्रामने विश्वासार्हतेत आपल्याला पहिला क्रमांक दिला आहे,' प्रशीलने लिहिले होते. 'म्हणूनच नमुना क्रमांक बारावर आमचा विश्वास बसला. चिरल्यावर काळे न पडणारे वांगे! काळे पाडणारे एन्झाइम जवळजवळ शून्य आणि उपयुक्त द्रव्ये तिप्पट! याची साठ रुग्णांवर चाचणी घ्यायची आहे. अर्जाची मुदत एकतीस डिसेंबर. माझी तीन वर्षे या कामात गेली आहेत. या वाणाचे बी कुठे मिळेल, एवढेच कळवावे.' सोबत तिकिटे लावलेले, पत्ता घातलेले पाकीटही होते. सरांना सगळ्यात जास्त लाज त्या पाकिटाची वाटे.

कारण नमुना क्रमांक बारा हे वांगे नव्हते. ते भरीत होते.

त्याचे असे झाले होते. बारा गावांच्या बारा शेतांतली वांगी आणायला सरांनी प्रयोगशाळेचा शिपाई तोताराम याला पाठवले होते. बारा पिशव्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. अकरा मोजून झाल्या आणि नेमकी स्टाफची भरीत पार्टी निघाली. तोतारामने फ्रिजमधली उरलेली पिशवी उचलून नेली. बारावा नमुना कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजला गेला, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून लाकडी बडगीत ठेचला गेला, आणि प्राचार्यांसकट सगळ्यांनी बोटे चाटली. सरांनी तर दोनदा वाढून घेतले. आपण काय खाल्ले ते त्यांना दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडल्यावर कळले. पत्नी प्रमिलाबाईंसाठी डब्यात आणलेले भरीत थोडे उरले होते. निव्वळ मनाच्या समाधानासाठी सरांनी ते मोजले, भाजण्यात एन्झाइम मेल्याचे पाहिले आणि वहीत आकड्यासमोर पेन्सिलीने 'भाजलेले' असे लिहिले. टायपिस्टने शाईतले तेवढे टाइप केले. निबंध छापून आल्यावर सरांनी दुरुस्तीचे पत्र लिहायला घेतले. ते अजून चालू होते.

"फोन नंबर दिलाय ना त्या पोराने?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"फोनवर वाक्य खोडता येत नाही."

"खोडायचं कशाला? भरीत होतं म्हणावं. विषय संपला."

"असं एकदम कसं सांगणार? आधी पार्श्वभूमी द्यावी लागेल."

प्रमिलाबाईंचे माहेर धुळ्याकडचे. एरवी त्या शहरासारखे बोलत, पण संयम सुटला की माहेरची बोली धावून येई. "बठ्ठं जग फोन करस, नि तुम्ही कागद खरडतस!"

उत्तर येईना, म्हणून प्रशीलने दुसरे पत्र कॉलेजला धाडले. तिथे आता भूषण प्राचार्य होता. सरांचाच जुना विद्यार्थी. तो त्याच संध्याकाळी पेढे घेऊन हजर झाला.

"सर! नऊ हजारांत पहिले, आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"भूषण, त्या बाराव्या नमुन्याबद्दल मला जरा..."

"तेच तर! बारा नंबर! रविवारी सत्कार ठरवलाय. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय सर, आणि तिला दाखवायला आपल्याकडे गांडूळखताच्या खड्ड्याशिवाय काही नव्हतं."

"अरे, पण ते वांगं म्हणजे..."

"काकू, बघा! अजून तसाच विनय!"

"विनय कसला? घाबरट आहेत ते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

भूषण खूप हसला. जिना उतरता उतरता त्याने सरांचा पेढा खातानाचा फोटो बारा नंबरच्या बातमीसकट कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. सर पेढा खात नव्हते, बोलायला तोंड उघडत होते.

सकाळी दारात तीन मोटरसायकली उभ्या होत्या.

"सर, बारा नंबरचं बी द्या," पुढचा शेतकरी म्हणाला. "चिरलं तरी काळं पडत नाही म्हन्ता."

"बी नाहीये हो माझ्याकडे."

"कंपनीले इकलं का?"

"छे छे! तसं काही नाही."

"मंग सोताच्या मानसांपासून लपवू राह्यले का, भो?"

सरांनी हात जोडले, चहा पाजला आणि खाली मान घालून बसले. ती खाली मान पाहून पाहुण्यांची खात्रीच पटली. दुपारपर्यंत सरांनी बी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्याचे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक झाले. शेजारच्या कुंदाबाई ताटलीत चिरलेले वांगे घेऊन आल्या. "भाऊ, हे काळं पडलं. म्हणजे हे कितवा नंबर?"

त्या ताटलीकडे पाहता पाहता सरांना एक वाट सुचली. भरीत खोटे असेल, पण ते ज्याचे केले ते वांगे तर खरे होते! त्या बाराव्या शेतकऱ्याकडे अजून तेच बी असेल. ते मिळवून प्रशीलला पाठवले, तर खोट्यातले निम्मे तरी खरे होईल. निबंधाच्या शेवटी सरांनी बाराही शेतकऱ्यांचे नावानिशी आभार मानले होते. बारावा होता बामणोदचा रुपचंद. पण ती शेते पाहिलेला माणूस एकच, तोताराम. सर दुपारच्या बसने असोद्याला गेले.

निवृत्त तोताराम ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. "रुपचंद?" तो म्हणाला. "कोनता रुपचंद?"

"बामणोदचा. बाराव्या शेताचा."

"तो व्हय! तो माह्या साडूचा भाऊ. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीले व्हता. त्याले कुठी वावर?"

"मग ती वांगी?"

तोतारामने आत डोकावून पाहिले आणि आवाज उतरवला. "सर, आता तुमीबी रिटायर, मीबी रिटायर. रागावू नका. तुमी बारा गावं लिहून देल्ली, अन् रजा एका दिवसाची. मी काय उडत जाऊ? हे समोर माह्या काकाचं वावर. एकाच वाफ्यातून बारा पिशव्या भरल्या."

"बाराही?"

"वांगे मातर एक नंबर व्हते. म्हनून तर पार्टीले नेले."

"आणि ती शेतकऱ्यांची नावं?"

"तुमी मांगितली, मंग मी देल्ली. माह्या लग्नातले पाव्हने आठवत गेलो. तो तुमचा सहा नंबरचा नथ्थू तर टेलर व्हता."

सरांच्या डोळ्यांपुढे निबंधाचे शेवटचे वाक्य आले. 'गाव बदलले, माती बदलली, तरी वांग्याचे गुणधर्म बदलत नाहीत.' खाली ठळक रेघ. बाराव्याची बोच लागली की ते या वाक्याचा आधार घेत. निदान अकरा तरी खरे आहेत! न बदलायचे कारण आता समोर शेंगा फोडत होते.

"तोताराम!" सर ओरडले. ते आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज मध्येच चिरकला आणि खुंट्याला बांधलेली शेळी उभी राहिली. "तू विज्ञानाला फसवलंस!"

"मी निसते वांगे आनले, सर," तोताराम शांतपणे म्हणाला. "भरीत मशीनमंधी कोनी घातलं?"

सरांनी समोरच्या वावराकडे तोंड वळवले. निघताना तोतारामने त्याच वावरातली पिशवीभर वांगी बळेच हातात दिली.

घरी येऊन सरांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळे सांगून टाकले. "संपलं, प्रमिला. अकरा बनावट आणि बारावं भरीत. माझ्या निबंधात खरं असं काही उरलंच नाही."

प्रमिलाबाई लसूण सोलत होत्या. "थांबा. अकराही वेळा एकाच वाफ्यातलं वांगं?"

"हो म्हटलं ना!"

"आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर मोजलं असतं का?"

"तरी अकरा वेळा मोजलं आणि अकरा वेळा तेच उत्तर आलं?"

"जवळजवळ तेच."

"आणि बाराव्यांदा भाजलेलं हाती आलं, तर हे काहीतरी वेगळं आहे, हेही बरोबर सापडलं?" त्यांनी लसूण खाली ठेवला. "मग चुकला कोण? तोताराम चुकला, टायपिस्ट चुकला. आणि जन्मभर मला ऐकवत कोण आलं? 'माझा हात कापतो, माझ्या मापांवर माझाच भरवसा नाही' म्हणून?"

सरांनी आपला उजवा हात उताणा केला, पालथा केला. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ते त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिले.

'चि. प्रशील, नमुना क्रमांक बारा हे भरीत आहे. पहिले अकरा नमुने असोद्याच्या एकाच वाफ्यातले आहेत. गावे आणि शेतकरी खरे नाहीत, हे मला आज कळले. हा निबंध अर्जात वापरू नये. रुग्णांना यातले काही देऊ नये. मापे मात्र बरोबर आहेत. उशिराबद्दल क्षमस्व.'

'मापे मात्र बरोबर आहेत' हे वाक्य त्यांनी तीनदा वाचले. खोडले नाही.

"द्या इकडे," म्हणत प्रमिलाबाईंनी कागद उलटा केला आणि मागे भरताची कृती लिहिली, मिरच्या मोजून. "निबंध नको तर नको. पोराने तीन वर्षं घातलीत, निदान एकदा नीट जेवेल तरी."

मग सरांनी स्वतः फोन उचलला. प्रमिलाबाईंनी घड्याळाकडे पाहून ठेवले.

"भूषण, मध्ये बोलू नकोस," सर म्हणाले, आणि एका दमात सगळे सांगितले. पार्श्वभूमी न देता.

"सर," पलीकडून भूषण म्हणाला, "सत्कार रद्द करतो. ग्रुपवरही कळवतो. पण आचाऱ्याला ऑर्डर गेलीय. सत्कारासाठी भरीत-पुरीचा बेत होता."

"तो राहू दे. भरीत खरं आहे."

मुदतीला अजून आठ दिवस होते. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोघे चालत गेले. सरांनी प्रशीलचेच पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि थांबले.

"आता काय?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"'क्षमस्व'च्या ऐवजी 'दिलगीर आहे' बरं दिसलं असतं का?"

प्रमिलाबाईंनी त्यांच्या कोपराला एक टोला दिला. घरी खणात अकरा कच्ची पत्रे पडली होती, सगळी अगदी एकसारखी. बारावे पेटीत पडल्याचा आवाज आला.