चौथी ओळ उपाशी

संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञ बाईंची तात्पुरती नोकरी कायम होणार की नाही, हे चार ओळी कलिंगडांवर ठरणार होतं. पहिल्या ओळीला पालाश खत मातीतून, दुसरीला ठिबकच्या पाण्यातून, तिसरीला पानांवर फवारून. चौथीला काहीच नाही. तुलनेसाठी ती उपाशीच ठेवायची होती.

तोडणीच्या दिवशी केंद्राच्या मुख्य साहेबांसमोर फळं काट्यावर चढली. चौथ्या ओळीतलं फळ सगळ्यांहून दोन किलोनं भारी भरलं. गोडी मोजली, तर तीही तिचीच जास्त. म्हणजे पालाश न देणं हीच पालाश देण्याची उत्तम पद्धत, असा निष्कर्ष निघत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

बाईंनी माळीकाकांना बाजूला घेतलं. आढेवेढे घेत काकांनी कबूल केलं, की तीन बहिणी जेवताना चौथीनं नुसतं बघत बसावं हे त्यांच्या जिवाला पटेना, म्हणून अधूनमधून मूठभर खत मातीत टाकलं. ते ऐकून जवळच उभ्या असलेल्या, ठिबकचा पंप सांभाळणाऱ्या पंपवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं दर आठवड्याला दहा मिनिटं खताचं पाणी चौथीकडेही सोडलं होतं. हताश होऊन बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा रोज त्यांना न्यायला यायचा आणि बांधावर वाट बघत बसायचा.

"मी फक्त फवारलं," नवरा म्हणाला. "तिसरीचं उरलेलं. वाया कशाला घालवायचं?"

शास्त्रात दयामाया नसते, असं साहेबांनी सगळ्यांना उभं करून सुनावलं. बाईंना शेवटची संधी म्हणून आणखी एक हंगाम मिळाला. या खेपेला चौथ्या ओळीभोवती जाळी लागली, जाळीला कुलूप लागलं. किल्ल्या दोनच: एक बाईंकडे, एक साहेबांकडे. नवऱ्याला फाटकाबाहेर थांबायची तंबी मिळाली. स्वतः बाईसुद्धा काळजावर दगड ठेवून त्या ओळीसमोरून मान खाली घालून जायच्या.

तोडणी झाली. चौथी ओळ पुन्हा दीड किलोनं पुढे.

माळीकाका, पंपवाला आणि नवरा, तिघांनी एकदम बाईंकडे पाहिलं. एवढा नेम पाळूनही आळ आपल्यावरच, म्हणून बाईंना रडूच आलं.

"साहेब, मी खरंच काही दिलं नाही."

"माहितीये मला," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "फार मलूल दिसत होती हो. मातीत दिलं, पाण्यातून दिलं, पानांवरही मारलं. पण थोडं थोडंच."

मग कुणी काही विचारायच्या आत त्यांनी बाईंच्या कायम नोकरीच्या कागदावर सही करून टाकली.