रुमाल जेवून बसले होते

मौजमळा या उद्यानात खुर्चीवर टाकलेला रुमाल माणूस धरला जातो. तो बसतो, जेवतो, वाहनातून एकटा प्रवास करतो, आणि त्याने जे केले ते त्याच्या मालकानेच केले असे समजतात. प्रवेशद्वाराशी हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. लोक ते वाचतात आणि पुढे जाऊन स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. आम्हीही तेच केले.

खरे तर यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारी आपण माणसे. मौजमळ्याने ती पद्धत जरा शिस्तीत आणली, एवढेच.

अडचण होती ती वेळेची. तिथे खेळ एका टोकाला, जेवणघरे दुसऱ्या टोकाला आणि मधे मोठे तळे आहे. पलीकडे जायला एक तर होडी, नाही तर डोंगराच्या कडेने रोपवे. जेवणाची जागा आधी धरावी लागते, होडीची आधी धरावी लागते, आकाशपाळण्याचीही आधीच धरावी लागते, आणि या तिन्ही वेळा एकमेकींच्या उरावर बसतात. मला त्याची धास्ती नव्हती. मी आमच्या शाळेचे वेळापत्रक बनवते. एकच मैदान, पाच तुकड्या आणि कायम रजेवर असलेले चित्रकलेचे सर एवढ्या भांडवलावर मी आजवर निभावले आहे.

हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी होता. त्यांना पंचाहत्तरावे लागले. काय हवे विचारले, तर शाल नको म्हणाल्या, सत्कार तर मुळीच नको म्हणाल्या.

"मला आकाशपाळण्यात बसायचंय," त्या म्हणाल्या. "आणि माझी दोन्ही पोरं एका टेबलावर जेवताना बघायची आहेत. आधी पाळणा. जेवल्यावर माझ्या पोटात ढवळतं."

पाळण्याचे सोपे होते. पोरांचे अवघड होते. माझा नवरा हेमंत आणि थोरले दीर, म्हणजे आमचे विद्याधरदादा, तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या मुलाच्या मुंजीत हेमंत दादांना म्हणाला होता, "पहिल्या पंगतीला तुझी जागा धरतो." धरली नाही. दादा दुसऱ्या पंगतीला जेवले आणि तोवर जिलेबी संपली होती. तेव्हापासून दोघांचा सगळा कारभार माझ्यामार्फत चाले. आईंसाठी दोघे मौजमळ्याला यायला तयार झाले, पण अट एकच होती, की एकमेकांशी बोलायला लावायचे नाही.

सकाळ छान गेली. दादा आणि शोभनावहिनी रोपवेच्या बाजूला गेले, आम्ही आईंना घेऊन पाळण्याकडे. आई वर गेल्या, खाली आल्या आणि उतरायलाच तयार होईनात. "आणखी एकदा," म्हणाल्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तिथेच माझे वेळापत्रक घसरले.

धक्क्यावर पोचलो तर होडी भरलेली होती. प्रत्येक फळीवर ओळीने रुमाल बसले होते, पांढरे, चौकड्यांचे, एकदोन तर इस्त्रीचे. माणूस एकही नव्हता.

"ही माणसं कुठायत?" हेमंतने होडीवाल्याला विचारले.

"पाळण्याच्या रांगेत. पतसंस्थेची सहल आहे."

"मग यांना जरा सरकवा की."

"बसलेल्याला उठवता येत नाही साहेब," होडीवाला शांतपणे म्हणाला. "कडेला दोन रुमाल मावतील. तुमचे पुढं पाठवा, टेबल तरी राहील. तुम्ही मागनं या."

हेमंतने आपला निळा रुमाल काढला, मी माझा फुलांचा. आईंनी हात हलवले. "मी कुठला रुमाल बाळगतेय? पदर आहे की मला."

होडीवाल्याने पदर नीट पाहिला. "हा सुटा नाही आजी. सुटं काहीतरी लागतं."

हेमंत आपल्या रुमालाला म्हणाला, "पोचलास की टेबल धर. बाकी काही बोलू नकोस." मग होडी गेली. तेवढ्यात शोभनावहिनींचा फोन आला. रोपवेच्या पाळण्यातही तीच गत होती, म्हणून त्यांनीही दोघांचे रुमाल पुढे पाठवले होते.

आम्ही पाचही जण पलीकडच्या राजभोग भोजनगृहाच्या दारात भेटलो तेव्हा आतून टेबले पुसल्याचा वास येत होता. दारात व्यवस्थापक लोंढे उभे होते. गळ्यात टाय, चेहरा सरकारी.

"निगुडकर ना? तुमचं जेवण झालं."

"आम्ही आत्ता येतोय," मी म्हणाले.

"तुमचे रुमाल वेळेवर आले. पानं वाढली की थांबता येत नाही, अन्न निवतं." त्यांनी आत बोट दाखवले. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे चार रुमाल अस्ताव्यस्त पसरले होते. चांगले तट्ट जेवलेले दिसत होते. "सुरुवातीला थोरले साहेब भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग धाकट्या साहेबांनी जिलेबीचा आग्रह केला. दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, बरं, अर्धी. मग आणखी चार खाल्ल्या. त्यानंतर दोघांचं मिटलं."

"काय मिटलं?" दादांनी विचारले.

"मुंजीचं."

दादा लालबुंद झाले. "मी काहीही मिटवलेलं नाही!"

"मीही नाही," हेमंत भिंतीकडे बघत म्हणाला.

"रुमालांनी मिटवलं, म्हणजे तुम्हीच मिटवलं. वाढप्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं साहेब. आता ते खोटं कसं म्हणायचं?"

"आणि आम्ही दोघी?" शोभनावहिनींनी विचारले.

"तुम्ही सबंध वेळ हसत होतात," लोंढे म्हणाले. आम्ही जावा एकमेकींकडे बघून हसलो. तेवढा भाग तरी बरोबर होता.

मग आई पुढे झाल्या. "आणि माझं पान?"

"आजी, तुमचा रुमाल आलाच नाही. म्हणजे तुम्ही आला नाहीत."

"मग ही कोण उभी आहे?"

"त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही," लोंढे आदराने म्हणाले.

आई टेबलाकडे बघत राहिल्या. निळ्या रुमालाचे टोक दादांच्या पांढऱ्या रुमालावर आले होते आणि दोन्हींवर जिलेबीचा पाक होता. ज्यासाठी त्या एवढ्या लांब आल्या ते घडून गेले होते, आणि नेमके त्यांनाच दिसले नव्हते. मला फार वाईट वाटले. वेळापत्रक माझे होते.

दादांना मात्र दुसरीच चिंता. "हे मिटलेलं रद्द कुठे होतं?"

"होतं की," लोंढे म्हणाले. "दोघांनी मिळून खिडकीवर यायचं आणि एका तोंडानं एकच कारण सांगायचं. वेगवेगळी कारणं चालत नाहीत."

म्हणून दोघे भाऊ बाहेर बाकावर बसले, मधे मला बसवून.

"विचार त्याला," दादा म्हणाले, "जागा धरली होती का नव्हती."

मी म्हणाले, "मी काहीही विचारणार नाही. मला भूक लागली आहे." आणि उठून वहिनींपाशी गेले. बाकावर दोघेच उरले.

"धरली होती," शेवटी हेमंत तळ्याला म्हणाला. "पाटावर रुमाल टाकला होता. भिकाकाकांनी उचलून घाम पुसला आणि तिथेच बसले."

दादांनी मान वळवली. "भिकाकाकांनी?"

"खोटं कशाला बोलू? रुमाल खिशात घालून गेलेसुद्धा."

"मग तीन वर्षं सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू बोलतच नव्हतास!"

यावर दादांनी भिकाकाकांविषयी जे काही सांगितले ते इथे लिहिण्यासारखे नाही. हेमंतने त्यात भर घातली. काका गेल्याला वर्ष झाले होते, तरी दोघांनी त्यांना सोडले नाही. खिडकी बंद व्हायची वेळ आली तेव्हा लोंढे बाहेर आले. "कारण ठरलं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एकही कारण शिल्लक नव्हते. लोंढ्यांनी खिडकी लावून घेतली आणि मिटलेले कायम झाले.

"झालं असेल तर," आई म्हणाल्या, "मी सकाळपासून उपाशी आहे."

संध्याकाळच्या जेवणाला चांदणी नावाच्या भोजनगृहात एकच खुर्ची उरली होती. ती लगेच धरायला हवी होती. आईंना तिथवर न्यायला छोटी गाडी होती, पण ती बागेला वळसा घालून रमतगमत जाते. रुमाल कामाचे नव्हते. जेवलेला रुमाल सकाळपर्यंत उठवायचा नाही, असे लोंढ्यांनी बजावले होते. ते चौघे माझ्या पर्समध्ये गाढ झोपले होते.

"सुटं दुसरं काही चालेल का?" मी विचारले.

लोंढ्यांनी विचार केला. "मुलगा चालतो."

"एक?"

"दोन. एकटा मुलगा जागा धरून ठेवील याची खात्री देता येत नाही. आणि जागा धरली की जेवायचं नाही, उठायचं नाही, घडी मोडायची नाही."

हे ऐकताच दोघे भाऊ पळत सुटले. दादांचा गुडघा दुखतो, पण ते पुढे होते.

आम्ही दोघी आईंना घेऊन छोट्या गाडीने पोचलो तेव्हा चांदणी गच्च भरली होती. लोक हातात ताटे घेऊन फिरत होते. एकाच खुर्चीवर दादा आणि हेमंत चौपदरी घडी होऊन, कडेला कड लावून बसले होते. दादांची घडी जरा जाडच झाली होती. जो येईल तो वाकून विचारी, "इथे कुणी आहे का हो?" आणि दोघे एका तोंडाने म्हणत, "आई येतेय."

ते ऐकून आई दारातच क्षणभर थांबल्या. मग जवळ गेल्या, दोघांना उचलले, हलकेच झटकले, मांडीवर घेतले आणि बसल्या. पुरी आली, बटाट्याची भाजी आली, मसालेभात आला, जिलेबी आली.

"यांना घास देता येतो का?" आईंनी विचारले.

"नियमात नाही," संध्याकाळच्या पाळीला इथे आलेले लोंढे म्हणाले, आणि जरा घुटमळले. "पण रुमालावर काही सांडलं तर आम्ही तिकडे बघत नाही."

आईंच्या हातून त्या जेवणात फार सांडले. आधी दादांवर जिलेबी सांडली, मग हेमंतवर, मग पुन्हा दादांवर, कारण मुंजीतली राहिली होती. त्या खाली बघून सांडत होत्या आणि हसत होत्या. तोंड पुसायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकवार दोघांकडे पाहिले आणि पदरच वापरला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने आम्हा तिघींचीच तिकिटे फाडली. दोघांना आईंनी कमरेला खोचले होते. तिथून घाट उतरेपर्यंत बोलण्याचा आवाज येत होता. भिकाकाका पुन्हा निघाले होते.

"आई, घरी गेल्यावर घडी मोडून देऊ का दोघांची?" मी विचारले.

आईंनी कमरेवर हात ठेवून अंदाज घेतला.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस राहू देत एकत्र."