चनबसाप्पा गुरुजींचा बोलका दोरा

चनबसाप्पा गुरुजींनी शेजारच्या घरात प्रयोग मांडला की आधी आम्हाला आमची म्हैस सोडावी लागायची. का, तर काही पेटलंबिटलं तर मुक्या जनावराला पळता आलं पाहिजे. आमची म्हैस कसली पळतेय! ती गल्लीच्या मधोमध बैठक मारायची, आणि पेटलंच असतं तर माणसांना पळायला वाट राहिली नसती.

आणि प्रयोग तरी कसला? परातीत पाणी, पाण्यात पणती, पणतीवर पालथी काचेची बरणी. पणती विझते आणि पाणी बरणीत वर चढतं, बास. एवढ्यासाठी गुरुजी खांद्यावर ओलं पोतं टाकून दारात उभे, एक पाय आत, एक पाय बाहेर.

माणूस गडहिंग्लजकडचा. आमच्या पेठेतल्या शाळेत मास्तर, घरात एकटा. बोलणं निम्मं कानडी. पोरानं काडी हातात घेतली की यांचं सुरू, "बेडा, बेडा!" म्हणजे नको, नको. मग ठरलेलं वाक्य, "आधी भ्या, मग करा." गल्लीत त्यांचं नावच बेडा गुरुजी पडलं होतं. लांबून टांगा दिसला की ओट्यावर चढायचे, आणि कुत्रं आडवं आलं तर त्याला "अहो, जावा की" म्हणायचे.

पण पोरं त्यांच्याकडंच पळायची. पपईच्या देठाची नळी करून वरच्या घागरीतलं पाणी खालच्या घागरीत उतरवायची, जोंधळ्याच्या धाटांची गाडी करून ती फुंकरीनं पळवायची. आमची लेक हौसा सगळ्यांत पुढं. "पोरीच्या जातीला काय करायचाय असला उद्योग?" शेजारीण म्हणायची. "तुमची म्हस तर न्हाय ना सोडावी लागत? मग गप बसा," मी म्हणायचो.

माझं सुई-दोऱ्याचं दुकान, म्हणून गुरुजींचं खरं वेड मला ठाऊक. बाकीचे प्रयोग ते एकदा करून सोडून द्यायचे, पण दोऱ्याचा प्रयोग रोज संध्याकाळी चालायचा. बांबूची दोन नळकांडी घ्यायची, प्रत्येकाच्या एका तोंडाला पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा आणि मधे मेण लावलेला दोरा ताणायचा. एकानं नळकांड्यात बोलायचं, दुसऱ्यानं कानाला लावून ऐकायचं. कधी जाड दोरा, कधी रेशमी. "तात्या, अजून लांब पायजे की," हे रोजचंच.

"एवढं लांब कुणाशी बोलायचंय, गुरुजी?" मी एकदा विचारलं. ते दोरा बोटानं ओढून बघत बसले.

एकदा आमच्या कारभारणीनं त्या दोऱ्यावर लुगडं वाळत घातलं. गुरुजी नळकांडं टाकून धावत आले. "बेडा, बेडा! दोऱ्याला कायबी टेकलं की आवाज मरतोय!"

"दोरी मोकळीच होती की!" कारभारीण म्हणाली. तिचं ते हसणं दोन घरं पलीकडं ऐकू गेलं.

त्या थंडीत पेठेत उंदीर पडायला लागले. प्लेग. दरबारचा हुकूम निघाला आणि सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. आमच्या शेजारी गुरुजींची झोपडी. आणि एका सकाळी हौसाचं अंग तापलं. शिपाई आले, पोरीला आणि तिच्या आईला पलीकडं आजाऱ्यांच्या झोपडीत घेऊन गेले. मधे दोरखंड बांधलेला. त्याच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. तिकडं गेलेलं माणूस परत आल्याचं मी तोवर बघितलं नव्हतं. हाक मारावी, तर उत्तर द्यायला पोरीच्या अंगात ताकद कुठली!

तेवढ्यात गुरुजी आले. "तात्या, दोरा हाय का?"

"माझी पोर तिकडं पडलीय आणि तुम्हाला खेळ सुचतोय?" मी ओरडलो. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

शेवटी मी दुकानातल्या दोऱ्याचं गाठोडं पुढं ढकललं. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, भाकरी पोचवणाऱ्या शिपायाच्या पाया पडून एक नळकांडं पलीकडं धाडलं. "तिकडं झोपडीच्या मेढीला ताणून बांधा म्हणावं. ढिला पडला तर काय येणार न्हाय."

मी कानाला लावलं. आधी नुसता श्वास. मग आवाज आला, "तात्या, म्हस कुठं हाय?"

मी तिथंच फतकल मारून रडलो.

मग सकाळ-संध्याकाळ तोच उद्योग. मी नळकांडं धरून, शेजारी गुरुजी ओलं पोतं घेऊन. "आता हे कशाला?" मी म्हटलं. "काय सांगावं, तात्या," ते म्हणाले.

एका सकाळी दाट धुकं पडलं. रोज समोर दिसणारा पन्हाळा तर गेलाच, पण दोरासुद्धा हातभर पुढं दिसेना. मी कानाला लावलं. काही नाही. "हौसा! हौसे!" श्वाससुद्धा नाही. दोरा तर ताठ होता. गुरुजींनी नळकांडं ओढून घेतलं, ऐकलं, आणि परत माझ्या हातात कोंबलं.

आणि टांग्याला भिणारा तो माणूस दोरखंडाखालून वाकला आणि दोऱ्याला हात लावत धुक्यात पळत सुटला. शिपाई ओरडला, "ओ पावणं, मागं फिरा!" ऐकतो कोण!

धुक्यातून आवाज आला, "बेडा! बेडा! बेडा!"

देवा, गेली पोर.

मग पुढचं ऐकू आलं. "वैनी, लुगडं काढा! आधी दोऱ्यावरचं लुगडं काढा!"

झालं होतं असं, की पोरीला घाम फुटून ताप उतरला होता. पोरीला पांघरलेलं लुगडं चिंब भिजलं, ते कारभारणीनं उजाडताच धुतलं. आणि दोरी मोकळीच होती की!

शिपायानं गुरुजींना शिव्या घालत, ढकलत अलीकडं आणलं. ते माझ्याशेजारी बसले. मी हसत होतो, डोळे पुसत होतो. ते हसेनात.

"मागच्या प्लेगात माझी बायको अशीच पलीकडं होती," ते म्हणाले. "दोरखंडापाशी उभी राहून कायतरी म्हणाली. वारं लई होतं. कळलं न्हाय. काय म्हणून इचारलं, तर परत तेच म्हणाली. परत कळलं न्हाय. तिला ओरडायला ताकद नव्हती. मग मी कळल्यागत मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती, तात्या."

तेवढ्यात दोरा हलला. मी नळकांडं कानाला लावलं. "तात्या, गुरुजींस्नी द्या," हौसा म्हणाली.

गुरुजींनी ऐकलं. मग नळकांडं तोंडाशी नेऊन म्हणाले, "व्हय, जेवलो की."

कसले जेवले होते! कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी नळकांडं परत कानाला लावलं आणि तसंच धरून माझ्याकडं बघितलं.

"जेवलासा का, म्हणून इचारती," ते म्हणाले. "तात्या, तीबी हेच म्हणली असंल, न्हवं?"

"हेच," मी म्हणालो. "दुसरं काय म्हणणार ती?" आणि भाकरीचं फडकं सोडून त्यांच्यापुढं ठेवलं.