बसा, बाही वर करा

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या मंदा सिस्टरना कोणी ‘देवी’ म्हटलं, की त्या त्या माणसाचं ब्लडप्रेशर तपासतात.

“बसा. बाही वर करा,” एवढंच म्हणतात. समोरचा गोंधळतो, पण बसतो. दंडावर पट्टा आवळला की बोलणं आपोआप थांबतं. मागच्या निवडणुकीला एक उमेदवार हात जोडत आले आणि म्हणाले, “माउली, तुम्ही म्हणजे या डोंगरातली साक्षात देवी.” सिस्टरनी त्यांना बाकावर बसवलं. आकडा बराच वर होता. “देवी राहू द्या, मीठ कमी करा,” म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. हसावं की नाही ते कार्यकर्त्यांना कळेना.

मी जव्हारला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गावात काही लिहायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. सिस्टरबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, खात्री नाही. एकदा लिहिलं होतं, ते चुकलं.

सिस्टर मूळच्या घाटावरच्या. उपकेंद्रामागच्या खोलीत एकट्या राहतात. त्यांना आजवर सत्कारात नऊ शाली मिळाल्या आहेत. एकीचा त्यांनी बाळंतपणाच्या खोलीला पडदा केलाय, कारण मागितलेला पडदा आलाच नाही. एक वजनकाट्यावर टाकतात. बाळाला गुंडाळायला मात्र एकही चालत नाही, जरीचा काठ टोचतो. शाळेतले गुरुजी भाषणात त्यांना ‘ममतेची मूर्ती’ म्हणाले, तेव्हा त्या खालूनच म्हणाल्या, “गुरुजी, मूर्तीला रजा लागत नाही. माझा अर्ज तीन महिने पडून आहे.” पोशेऱ्याहून एक जण आजारी शेळी घेऊन आला होता, “नुसता हात लावा” म्हणून. त्याला त्यांनी जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. जाता जाता त्यानं शेळीच्या डोक्याला सिस्टरचा पदर लावून घेतलाच.

या वर्षी ग्रामपंचायतीनं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं आणि सरपंचांनी ते लिहायचं काम मला दिलं. मी दोन दिवस खपले. ‘आपल्या हाताला यश आहे. आपला स्पर्श झाला की बाळंतीण सुखरूप सुटते.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. एक प्रत सरपंचांना दिली, एक सिस्टरना दाखवायला नेली.

त्या लशींच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होत्या. उभ्यानंच वाचलं.

“हे काढ.”

“कुठलं?”

“हाताचं.”

“पण सिस्टर, सगळे तसंच म्हणतात.”

“म्हणतात ना. सुनंदाची सासूपण म्हणाली होती.”

सुनंदा आमच्या शेजारच्या पाड्यावरची. मागच्या वर्षी बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं.

“आठवा महिना,” सिस्टर सांगू लागल्या. “पायाला सूज, ब्लडप्रेशर वाढलेलं. मी चिठ्ठी लिहिली, आजच्या आज जव्हारला न्या. गाडीही बोलावली. गाडी फाट्यावर तासभर उभी. सासू म्हणाली, ‘आमच्या घरातली तीन पोरं तुमच्याच हातानं झाली, बाय. तुम्ही देवी. जव्हार कशाला?’ माझ्या हातावर विश्वास, माझ्या सांगण्यावर नाही. गाडी परत गेली. चौथ्या दिवशी झटके आले. पोर वाचलं. ती जव्हारच्या वाटेत गेली.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“महिन्यानं सासू नारळ घेऊन आली. तुम्ही होता म्हणून पोर तरी वाचलं, म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान मला सांगता आलं असतं, मी काय सांगितलं होतं ते.”

मी कागद परत घेतला. “मग काय लिहू?”

“लिही, हिचं दीड वर्षाचं ट्रेनिंग झालंय. हिला धोका ओळखता येतो. ही जा म्हणाली की जावं.”

मी तसं लिहिलं. सरपंचांनी वाचलं आणि हसले. “बाय, हे मानपत्र आहे का सूचनाफलक?” आधीची प्रत त्यांच्याकडे होतीच, तीच छापायला गेली. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. मानपत्र वाचायलाही मलाच उभं केलं. हाताचं वाक्य आलं तेव्हा सिस्टरनी दोन्ही हात नव्या शालीच्या आत ओढून घेतले. त्यांची बॅग पायाशीच होती. भाषणांत कितीतरी जण त्यांना देवी म्हणाले, पण कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी कुणालाही बसा म्हटलं नाही.

लोक पांगल्यावर सुनंदाची सासू आली. कडेवर नातू. वाकून तिनं सिस्टरच्या हातांना कपाळ टेकवलं.

“देवी माझी.”

“बसा,” सिस्टर म्हणाल्या. “बाही वर करा.”

मी त्यांच्या बॅगेतली नोंदवही काढून धरली. पोर पट्ट्याची नळी ओढत होतं. सिस्टरनी एकदा तपासलं, थांबून पुन्हा तपासलं. पट्टा सोडल्यावरही त्या म्हातारीचं मनगट धरून बसल्या.

“आजी, फार वाढलंय. उद्या सकाळच्या एसटीनं जव्हारला जायचं. मी येते सोबत.”

म्हातारी समाधानानं हसली. बाही खाली केली. “तुमचा हात लागला ना, बाय. आता जव्हार कशाला?”

नातवाला सावरत ती पाड्याच्या वाटेला लागली.

“काय लिहू?” मी विचारलं.

“आकडा लिही. पुढे लिही, जव्हारला जायला सांगितलं.”

“पण ती जाणार नाही, सिस्टर.”

“त्याला वहीत रकाना नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायला मी फाट्यावर आले, तर सिस्टर माझ्या आधीच तिथे उभ्या होत्या. खांद्याला बॅग, नजर पाड्याच्या वाटेकडे. एसटी आली. मी चढले. कंडक्टरनं त्यांनाही विचारलं, येताय का.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि एसटी निघाली तरी वाटेवरची नजर काढली नाही.