गालांवरचे निळे डाग

माणसाच्या चपलेची झिजलेली टाच पाहून मी त्याच्या मनातलं ओळखतो. मी ओळखलेलं पुष्कळदा त्याच्या मनात नसतं, पण तो त्याच्या मनाचा दोष. माझं नाव ऐकून या शहरातले गुन्हेगार थरथर कापत असणार. नक्की सांगता येत नाही, कारण अजून एकही भेटलेला नाही. माझं ऑफिस इस्त्रीच्या दुकानावर आहे. खालून सतत वाफ येते, त्यामुळे आलेला माणूस पाच मिनिटांत घाम पुसायला लागतो आणि मला त्याच्यावर संशय घेता येतो.

माझा मदतनीस म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. त्याला मी सावली म्हणतो. सहा फूट उंच आणि दाराएवढा रुंद असल्याने तो पाठलागात कुणाच्या नजरेत भरत नाही, असं माझं मत आहे.

त्या दिवशी भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आल्या. घाम न पुसता बसल्या. "आमच्या ह्यांना कुणीतरी मारतंय," त्या म्हणाल्या.

त्यांचे मिस्टर फरशा विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर. वय चोपन्न. काही महिने अधूनमधून शनिवारी घरी येतात ते गाल सुजवून, वर निळे डाग घेऊन. विचारलं तर म्हणतात, कपाटाचं दार लागलं.

"आणि गच्चीच्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे खात्यातून गेलेत," बाई म्हणाल्या. "आमच्या पलंगावर पाणी गळतंय. सासूबाईंच्या खोलीत बादली ठेवलीये. गवंडी दोनदा येऊन परत गेला. मला फक्त एवढं कळू दे, हे कुठल्या संकटात सापडलेत."

त्यांचा आवाज जरा हलला. मी खिडकीकडे पाहिलं. अशा वेळी खिडकीकडे पाहायचं असतं.

"वसुलीवाले," मी म्हणालो. "कर्ज घेतलंय, फेडता येत नाही, मार खातायत."

"पण भावोजी, दोन्ही गालांवर अगदी सारखं?" सावलीने विचारलं.

"शिस्तीचे वसुलीवाले आहेत."

शनिवारी आम्ही मॅनेजरसाहेबांच्या मागे निघालो. ते एका चार मजली इमारतीत शिरले. तळाला चष्म्यांचं दुकान, पहिल्यावर गणिताचे क्लास, दुसऱ्यावर सौंदर्याचा दवाखाना, तिसऱ्यावर बॉक्सिंगची तालीम. माझ्या अंगावर काटा आला. चोपन्नाव्या वर्षी हा माणूस पैसे लावून ठोसे खात होता.

"पण लिफ्ट दुसऱ्यावर थांबली," सावली म्हणाला.

"आपण फसावं म्हणून. तिथून ते जिन्याने वर गेले."

तरी कसून तपास करावा म्हणून ते निघून गेल्यावर मी दवाखान्यात गेलो. भिंतीवर गाल भरून देण्याची किमतीसकट जाहिरात होती, 'तारुण्य परत मिळेल.' पैसे परत मिळण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीचे ओठ इतके भरीव होते की शब्द आतून वाट काढत येत होते.

"जाहिरातीतली किंमत कशाची?" मी विचारलं.

"एका सिरिंजची."

"एका चेहऱ्याला किती लागतात?"

"ते चेहऱ्यावर असतं."

"माझ्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मला उजेडात वळवून नीट न्याहाळलं. "हप्त्यांची सोय आहे," त्या म्हणाल्या.

"भरलेलं टिकतं किती?"

"साधारण वर्षभर. मग शरीर ते शोषून घेतं."

"आणि मग?"

"मग परत यायचं."

बाहेर येताच मी सावलीचा दंड धरला. "सगळा उलगडा झाला. तिसऱ्या मजल्यावर गाल फोडायचे आणि दुसऱ्यावर भरायचे. दोन्ही धंदे एकाच मालकाचे."

"भावोजी, त्यांनाच सरळ विचारलं तर?"

"संशयिताला विचारणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी सगळ्यांना जमवलं. मॅनेजरसाहेब फुगल्या गालांनी सोफ्यावर बसले होते. आतल्या खोलीत बादलीत थेंब पडत होते. मी येरझाऱ्या घालत तालीम, ठोसे, कट असं सगळं मांडलं. 'कट'पाशी आलो तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, गालात सुया घेतो तो. फिलर म्हणतात त्याला."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काल ही बाहेर गेली होती, तेव्हा जेवताना विचारलं. त्याने सांगितलं."

सावलीने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मॅनेजरसाहेब मान खाली घालून बोलायला लागले. नवा साहेब पस्तिशीचा. भर मीटिंगमध्ये म्हणाला, तुम्ही फार थकलेले दिसता, गिऱ्हाइकापुढे ताजे चेहरे हवेत. वरची जागा रिकामी होणार होती. आधी एकच सिरिंज घ्यायची ठरली होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाल वर आले तर हनुवटी मागे पडली, आणि हनुवटी केली तर डोळ्यांखालचे खड्डे उठून दिसायला लागले.

"आणि ती जागा?" बाईंनी विचारलं.

"मालकांच्या जावयाला दिली. त्याच्या डोळ्यांखाली या एवढ्या पिशव्या आहेत."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "मला का नाही विचारलंत?"

"तू म्हणाली असतीस, छान दिसता. तू रोजच बघतेस. तुझं मत तिथे कोण धरणार?"

बाईंनी उठून माळ्यावरची ताडपत्री काढून त्यांच्या मांडीवर टाकली. "गवंड्याचे पैसे तुमच्या गालात आहेत. चला, वर पांघरा."

"दोन आठवडे वाकायला मना केलंय."

"चढायला नाही ना केलं?"

म्हणून मॅनेजरसाहेब, सावली आणि मी गच्चीवर गेलो. वारा होता. ताडपत्री सारखी उडत होती. मॅनेजरसाहेबांनी एक टोक ताठ उभ्यानेच पायाखाली दाबून धरलं.

मला राहवलं नाही. "ऑफिसात फरक जाणवला का कुणाला?"

"एकाला जाणवला," ते म्हणाले. "त्याने विचारलं, दाढ दुखतेय का."

मग त्यांना वाकता येत नसल्यामुळे त्यांनी मला कोपऱ्यातल्या विटा उचलून आणायला सांगितल्या.